कोपऱ्यावर थांबणारा पाय

वळणावर नणंदेचं पुढचं चाक शिंपीणबाईंच्या मागच्या चाकाला घासलं आणि नणंद सायकलसकट रस्त्यावर आडवी झाली.

"वहिनी, वळण आलं की तुमचा पाय का थांबतो? भूत बसलंय का तिथे?"

शिंपीणबाईंनी हात पुढे केला. तिने तो झटकला.

पंचवीस वर्षं पायमशीन चालवलेला तो पाय. कापडाचा कोपरा आला की सुई रुतवायची, पाय रोखायचा, कापड फिरवायचं. आता रस्ता वळला तरी पाय तेच करी. एकटीने चालवताना खपून जाई. बायकांच्या जथ्यात मागचीच्या हाडांवर बेतायचं.

जथ्याचे अकरा पिवळे सदरे बाईंनीच शिवले होते. बारावा गुपचूप स्वतःच्या मापाचा.

"शनिवारी गोदामाला दहा फेऱ्या," जथ्याची पुढारी असलेली नणंद म्हणाली. "एकदा जरी पाय थांबला, तर रविवारची जथ्याची सफर विसरा. बारावा सदरा पायपुसण्याला घ्या."

म्हणजे तिला कळलं होतं तर!

आठवडाभर बाईंनी मशीनवर कोपऱ्यालाही पाय थांबू दिला नाही. गिऱ्हाइकाच्या चार उशांचे अभ्रे लाडवासारखे गोल झाले. पुन्हा शिवून दिले, शिव्या खाल्ल्या, पण पाय सुधारला.

शनिवारी पुढे नणंद, मध्ये बाई, मागे टपाल वाटणारी. आठ फेऱ्या झाल्या, पाय कुठेच अडला नाही. नणंदेची मान आखडत चालली. माणसाला दुसऱ्याचं पडणं हवंसं वाटू लागलं की देवही त्याच्यापुढे हात टेकतो.

नवव्या फेरीत ऐन वळणावर तिने थांबण्याची खूण म्हणून हात वर न करताच करकचून ब्रेक दाबला.

"थांबल्या!" बाई मागे ओरडल्या आणि पाय न थांबवता बाजूने निसटल्या. टपालवालीही कशीबशी वाचली. ती सायकल टाकूनच आली.

"हात का नाही केलास गं?"

"विसरले."

"न सांगता थांबेल ती पुढच्या वेळी सगळ्यांच्या मागे, हा नियम कुणाचा? तुझाच ना?"

नणंद लालबुंद झाली. "या मशीनवालीच्या मागे मी? त्यापेक्षा घरी बसेन!"

बाईंनी पेडलवर पाय ठेवला.

"बसा, वन्सं. आम्ही उद्या सहाला निघतोय."