ताईला बसता येईल अशी गाडी

जुनी गाडी बघायची तर सकाळी जायचं, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच दम द्यायचा की मी येण्याआधी इंजिन चालू केलंस तर तसाच परत फिरेन. गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतं. थंड इंजिन पहिल्या दोन सेकंदांत पोटातलं सगळं ओठांवर आणतं. म्हणून मी गेल्या गेल्या आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं की चपला घालून घरी.

छत्तीस वर्षं मी गॅरेज चालवतोय. जुन्या गाड्यांच्या बाजारातले दलाल मला तोंडावर उस्ताद म्हणतात आणि पाठीमागे नाहीमामा. म्हणोत बापडे. गिऱ्हाईक मला सोबत नेतं, मी गाडीखाली झोपतो, कार्पेट उचलतो, वास घेतो, आणि दहांतून नऊदा ‘नाही’ म्हणतो. बारा वर्षांपूर्वी एकदाच घाईघाईत ‘घ्या’ म्हणालो होतो. त्या गाडीनं एका कुटुंबाला तान्ह्या पोरासकट भर उन्हात घाटात पाच तास उभं केलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागलो.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, शाळेतून पळालो की कान धरून परत नेणं, सगळं तिनंच केलं. माझी साठी जवळ आली तरी ती मला छोट्या म्हणते. म्हणायची.

तिच्या कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बुटक्या गाडीत बसणं बंद झालं. साध्या कारमध्ये बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरल्यासारखं, आणि बाहेर काढायला दोन माणसं. त्यात हृदय थकलं. पाय सुजायचे, चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. डॉक्टरांनी दाजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, “चार-पाच महिने बरे जातील. कुठं जायचं-यायचं असेल तर आत्ताच उरकून घ्या.”

तिला जायचं होतं एकाच ठिकाणी. तिची एकुलती एक लेक पाच तासांवरच्या डोंगरगावात दवाखान्यात नर्स आहे. तिथं नर्स दोनच, त्यामुळे पोरीला सुट्टी मिळाली तर दोन दिवस, तीही धावतपळत. चार वर्षांपूर्वी तिनं तिथं छोटंसं घर घेतलं. ताईनं ते पाहिलेलं नव्हतं.

“फोनवर ती मला नुसतं स्वतःचं तोंड दाखवते,” ताई म्हणायची. “तोंड मीच घडवलंय, ते मला पाठ आहे. मला तिचं स्वयंपाकघर बघायचंय. ओट्यावर उजेड येतो का, ते बघायचंय.”

“भाड्याची गाडी करू,” मी म्हणालो.

“नको रे बाबा. मागच्या वेळी दवाखान्यात जाताना दोनदा गाडी थांबवून ओकले, तर तो ड्रायव्हर असा बघत होता जसं काही मी त्याच्या ताटात ओकले. आपली गाडी असली की वाटेल तिथं थांबता येतं.”

दाजी आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. हात अजून स्थिर, नजर चांगली. दोघांनी थोडं थोडं करून बाजूला ठेवलेले पैसे होते. त्यात नवी गाडी सोडाच, जुनीसुद्धा हात आखडून घ्यावी लागणार होती. उंच सीट, घाट चढेल असं इंजिन, आणि वाटेत दगा देणार नाही अशी. म्हणजे छोटी एसयूव्ही. आणि घरात मेकॅनिक भाऊ असताना निवडणार कोण? ताईनं आख्ख्या शेजाराला सांगून टाकलं, “आमचा छोट्या बघतोय गाडी.” माझी छाती दोन बोटं फुगली. खोटं कशाला बोलू.

पहिली गाडी लाल होती आणि इतकी चकचकीत की मला तिथंच वास आला. कार्पेट उचललं तर सीटच्या बोल्टांना गंज आणि खाली वाळलेला गाळ. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी. दलालाला म्हटलं, “हिला गाडी म्हणून विकतोस की होडी म्हणून?” दुसरीचं मीटर पन्नास हजार दाखवत होतं, पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं झिजलेलं. मीटर मागे फिरवलेलं. दीड लाख किलोमीटरच्या खाली ती गाडी चाललेली नव्हतीच. ह्या दोन्हींना नाही म्हणालो ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि आजही कोणी वाद घालावा.

तिसरी गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती.

पांढरी, पहिल्यापासून एकाच मालकाची, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फाइलला लावलेल्या. त्या दिवशी ताई हट्टानं सोबत आली होती, रिक्षातून, एका कुशीवर कलून बसून. शिक्षिकाबाईंनी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली. मी बॉनेटवर हात ठेवला. गार. ऑइल बघितलं, ठीक. पत्र्यावर टिचकी मारत फिरलो, कुठं पोचा बुजवायला लांबी भरलेली नाही. खाली झोपलो, कोरडं, गळती नाही. दाजी माझ्याकडे आशेनं बघत होते. मग मी चावी फिरवली.

पहिले दोन सेकंद आतून खर्रकन आवाज आला. डब्यात खिळे हलवावेत तसा. मग थांबला आणि इंजिन मुकाट्यानं चालायला लागलं.

मी बंद केली. दहा मिनिटं थांबून परत चालू केली. आवाज नाही. पण मी ऐकला होता.

“टायमिंग चेन,” मी म्हणालो. “ढिली झालीय.”

“म्हणजे?” दाजींनी विचारलं.

“म्हणजे आज चालेल, उद्या चालेल, आणि एखाद दिवशी घाटात तुटली तर इंजिनाचा चुराडा. अगं ताई, तू काय करतेयस?”

ताई खुर्चीवरून उठून गाडीपाशी आली होती. तिनं पुढचं दार उघडलं, पाठ करून उभी राहिली, आणि नुसती मागे टेकली. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीवर आली. तिनं एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुणाचा हात धरला नाही.

“बसले!” ती म्हणाली. “अहो, बघा ना, बसले की मी! आपली आपण!”

दोन वर्षांत मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. तिनं समोरचा कप्पा उघडून बघितला, काच खाली-वर केली, आरशात बघून केस सारखे केले. दाजी पलीकडून स्टिअरिंगवर जाऊन बसले. दोघं त्या उभ्या गाडीत, एका परक्या अंगणात, निघाल्यासारखी समोर बघत बसली होती.

“छोट्या,” ती म्हणाली, “ही घेऊ या का?”

आणि मी काय म्हणालो? “नाही. उतर.”

दाजींनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. “अरे, बाकी सगळं चांगलं आहे म्हणतोस ना? बाई किंमतही कमी करतायत.”

“दाजी, बस तुम्ही चालवलीत, दुरुस्त आम्ही केली. तिला घेऊन घाटात अडकलात तर मला फोन करणार ना? मग मी काय करू, उडत येऊ?”

बोललो ते असं, चार लोकांत. दाजी स्टिअरिंगवरून उतरले. ताई मात्र लगेच उतरली नाही. दाराच्या कडेवर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिली, मग म्हणाली, “बरं बाई. तुझ्याहून जास्त आम्हाला काय कळतंय.” आणि उतरली.

पुढं काय सांगू? चौथीचं सस्पेन्शन गेलेलं. पाचवीच्या धुरात निळी झाक, म्हणजे इंजिन ऑइल पितंय. सहावीच्या कागदांत घोळ. सातवी चांगली होती, पण बजेटच्या बाहेर. दाजी एकदा हसून म्हणाले, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच,” आणि मी त्यांच्यावर खेकसलो. दर रविवारी ताई साडी नेसून तयार बसायची आणि मी दारातूनच मान हलवायचो. “असू दे,” ती म्हणायची, “मिळेल.” डॉक्टरांचे शब्द मला आठवत नव्हते असं नाही. पण आम्हीसुद्धा गिऱ्हाइकाला आठवडा सांगतो आणि तीन लावतो. मला वाटलं, डॉक्टरही असाच, हातचं राखून बोलला असेल. त्यानं हातचं काहीच राखलं नव्हतं.

अकरावी गाडी मिळाली तेव्हा चौथा महिना संपत आला होता. करडी, छोटी, खणखणीत. मी तीन सकाळी जाऊन ती थंड चालू केली, शेजारच्या टेकडीवर चार माणसं बसवून चढवली, आणि मला तिच्यात एक, एकसुद्धा दोष सापडला नाही. बजेटमध्येही बसली. मी स्वतः चालवत ताईच्या दारात आणली आणि हॉर्न वाजवला. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसा.

दाजी खाली आले. म्हणाले, “हॉर्न नको वाजवूस. आत्ताच झोप लागलीय.”

वर गेलो तर ती पलंगावर तीन उशांना टेकून बसलेली होती, झोपलेली नव्हती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. ओठ निळसर. मला बघून हसली.

“आली का रे गाडी?”

“आली. खाली उभी आहे. चल, बसून बघ.”

“उद्या,” ती म्हणाली.

उद्या तिला दवाखान्यात नेलं ते रुग्णवाहिकेतून. लेकीला निरोप गेला, ती रात्रीच निघून पहाटे पोचली. आईचा हात धरून बसली, आणि ताई तिला विचारत होती, ओट्यावर उजेड येतो का गं. ती म्हणाली, येतो आई, सकाळी भरपूर येतो. नवव्या दिवशी ताई गेली. गाडी दारात तशीच उभी होती.

नंतर महिनाभर मी दाजींच्या घरी फार गेलो नाही. जायला तोंड नव्हतं असं म्हणणार नाही, कारण तेव्हा मला मी चुकलो असं वाटतच नव्हतं. मी मनाशी घोकत होतो की मी तिच्या जिवाची काळजी केली, वेळच कमी पडला. नशीब, दुसरं काय. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

एका दुपारी दाजीच गॅरेजवर आले. टायरच्या चळतीवर बसले, पाणी मागून प्यायले. मी एका गिऱ्हाइकाच्या इंजिनावर वाकलेलो होतो, पुढचं कव्हर काढून.

“काय काम निघालं?” त्यांनी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“चेन बदलतोय.”

“टायमिंग?”

“हो.”

“किती वेळ लागतो रे?”

“दीड दिवस. मनावर घेतलं तर एक,” मी म्हणालो, आणि पाना माझ्या हातात तसाच राहिला.

एक दिवस. सुटा भाग बाजारात मिळतो, मजुरी माझी मलाच. शिक्षिकाबाईंनी कमी केलेल्या पैशांत तो भाग येऊन वर उरले असते. त्या रविवारी गाडी घेतली असती तर मंगळवारी ताई घाटात असती, वाटेल तिथं थांबत. आणि हे मला, छत्तीस वर्षं चेना बदलणाऱ्या माणसाला, चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही. मी गाडी बघायला जायचो ते दोष काढायला. दोष सापडला की माझं काम संपलं, मी जिंकलो, चपला घालून घरी. दुरुस्त करणारा मी त्या सकाळी गॅरेजमध्येच राहायचो.

मी दाजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक असणार. बस बिघडली की आम्ही फोन करायचो.” त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “ती म्हणाली होती त्या दिवशी घरी आल्यावर. म्हणाली, अहो, चेन काय, बदलता येत असेल ना? मी म्हटलं, विचार की त्याला, फोन लाव.”

“मग? लावला का नाही?”

“ती म्हणाली, छोट्याला बदलता येत असती तर तो नाही म्हणालाच नसता.”

मी तिथंच, ग्रीसच्या हातांनी तोंड धरून, गिऱ्हाइकाच्या देखत रडलो. दाजी उठून माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला, आणि मी त्यांना म्हणालो, येते हो दाजी, मला बदलता येते.