मुठीच्या मापाचा चमचा

माझ्या वाटीच्या उजव्या कडेला, आतल्या बाजूने, एक खडबडीत पट्टा आहे. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी, रुंदी त्याहूनही कमी. त्यावरून बोट दांड्याकडून टोकाकडे नेलं तर काहीच लागत नाही. उलट आणलं तर बारीक बोचतं. डोळ्यांना तो दिसत नाही, फक्त बोटाला किंवा ओठाला कळतो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. मला पाहून तुम्हाला हसू येईल. वाटी लहान, मान काटकुळी आणि मूठ मात्र बटाट्यासारखी, तीही एका बाजूने दबलेली. असा चमचा दुकानात मिळत नाही. मला कोरलं ते एकाच बाईच्या एकाच हातासाठी. आणि जिने कोरलं, तिने त्याआधी साधी पेन्सिलही कधी चाकूने तासली नव्हती.

तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासायचं काम करायची. तिची आई जन्मभर शिवणकाम करत आली होती. एका आजारपणानंतर आईची बोटं तळहाताकडे वळली आणि तशीच राहिली. आधी तिच्या हातून सुई सुटली, मग बटणं, मग चमचा. स्टीलचा पातळ दांडा तिच्या मुठीत गर्रकन फिरायचा आणि पेज मांडीवर सांडायची.

ताई भरवायला बसली की आई ओठ घट्ट मिटून घ्यायची.

"एकदा तोंड उघडलं ना, की हे हात कायमचे गेले," ती म्हणायची. "मग मला कुणी चमचा उचल म्हणणारसुद्धा नाही."

त्यामुळे मुठीत धरता येईल तेवढंच ती खायची. केळं, पावाचा तुकडा, उकडलेला बटाटा. तेही अर्धं टाकून द्यायची. तिच्या गळ्याखालची हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि सांगितलं, "आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल." आईने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री ताईने ठरवलं की आईच्या मुठीत बसेल असा चमचा आपणच करायचा.

मुठीचं माप घ्यायला तिने कणकेचा गोळा मळला आणि आईच्या हातात दिला.

"खायला द्यायचं सोडून आता मुठीत पीठ कोंबतेस?" आई म्हणाली.

"दाब गं जरा. अजून. हं, सोड."

"सोडता आलं असतं तर हे सगळं कशाला केलं असतंस?"

दोघी हसल्या. गोळा हळूच काढून घ्यायला ताईला बराच वेळ लागला. चारही बोटांचे खळगे त्यात उमटले होते. तो गोळा वाळवून तिने मुठीचा नमुना म्हणून खिडकीत ठेवला.

लाकूड मात्र तिला निवडता येईना. पहिल्यांदा तिने काचांच्या खोक्याची फळी घेतली, कारण ती हाताशी होती. फळीला डिंकाचा उग्र वास होता. आईने जीभ लावून पाहिली आणि म्हणाली, "रंग लावायच्या डब्यात तोंड घातल्यासारखं वाटतंय." फळीत एक गाठही होती, आणि मान कोरताना फळी त्या गाठीपाशी तुटली. मग तिने मोडक्या खुर्चीचा पाय घेतला. तो वर्षानुवर्षं वाळून दगड झालेला. त्यावरून चाकू घसरला आणि अंगठ्यात शिरला. दुसऱ्या दिवशी ती पट्टी बांधून वखारीत आली. मी तिथेच होतो.

मी तेव्हा नासपतीच्या झाडाची नुकतीच कापलेली फांदी होतो, मांडीएवढी जाड, ओली. वखार चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. त्यांनी ताईचा अंगठा पाहिला.

"कोरडं लाकूड घेतलंस ना? सगळे तेच करतात. शिकताना ओलं घ्यावं, लोण्यासारखं कापतं. काय करायचंय?"

"चमचा. आईसाठी."

"म्हणजे तोंडात जाणार. मग वास नको, चव नको, नि मोठाली छिद्रं नकोत, नाहीतर अन्न अडकून कुजतं." मावशींनी माझ्या कापलेल्या टोकावर नख दाबलं. नखाची कोर उमटली. "हे घे. पण मधोमध फोडायचं आणि हा गाभा काढून टाकायचा. गाभा ठेवलास की तडकलंच म्हणून समज. आणि वाळवायची घाई करू नकोस. याच्याच ढलप्या कागदी पिशवीत भर, त्यात पुरून ठेव. सावकाश वाळू दे."

"सावकाश म्हणजे किती?"

"त्याला वाटेल तेवढं, बाई."

ताईकडे नेमका तेवढा वेळ नव्हता.

कोरायला ती रोज कामावरून आल्यावर बसायची, आईच्या खाटेशेजारी जमिनीवर, मांडीवर जुनं पोतं पसरून. पहिले काही दिवस तिच्या हातून माझे फार हाल झाले. काच कुठल्याही दिशेने घासली तरी सारखीच घासते. लाकडाचं तसं नसतं. माझ्या अंगातल्या रेषा एका दिशेने चालतात. त्यांच्याबरोबर उतरत गेलं तर ढलपी सुरकन निघते, त्यांच्या उलट चढलं तर चाकू आत घुसतो आणि तुकडाच उपटून येतो. वाटी कोरताना तर खळग्याच्या तळाशी पोचलं की दिशा बदलते; चमचा फिरवून दुसऱ्या टोकाने सुरुवात करावी लागते. ताई तळ ओलांडून तशीच पुढे गेली. माझ्या कडेचा तो पट्टा तेव्हाचा आहे.

"थांब," आई खाटेवरून म्हणाली. "मखमल कापताना मी हात फिरवून बघायचे ना? एकीकडून मऊ, एकीकडून रखरखीत. तसंच दिसतंय हे. फिरव त्याला."

ताईने मला फिरवलं आणि वाटी कोरायची गोल धारेची पटाशी सरळ तळाकडे उतरली. बऱ्याच दिवसांनी आईचा आवाज पूर्वीसारखा धारदार निघाला होता. त्या संध्याकाळी तिने अर्ध्याऐवजी पूर्ण केळं खाल्लं.

पण डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ येत होता. ताईने मला ढलप्यांत पुरलं खरं, पण दोन दिवसांतच बाहेर काढून शेगडीजवळ ठेवलं. बाहेरून मी भराभर वाळू लागलो, आतून ओलाच होतो. माझं अंग बाहेरून आवळू लागलं आणि आतून आवळेना. काय होणार हे मला कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. सकाळी माझ्या मुठीवर उभी चीर पडलेली दिसली. ताई मला हातात घेऊन शेगडीसमोर तशीच बसून राहिली. रडली नाही. नुसती चिरेवरून नख फिरवत राहिली.

"आण इकडे," आई म्हणाली. "मेण लावलेला दोरा घे, तो जाड. एका टोकाला फास घालून ठेव आणि त्यावरून गुंडाळत ये. ओढून धर. सैल गुंडाळलास तर उद्या सुटेल."

असा मी तयार झालो. पहिल्याच दिवशी आईची मूठ माझ्याभोवती बसली आणि मी फिरलो नाही. पेज वाटीतून निघाली, हवेत थरथरली आणि तिच्या तोंडात गेली. आईने गिळली. दुसरा चमचा घेतला. पेजेची वाटी रिकामी झाली तेव्हा ताईचा भाऊ दारात उभा होता. "ताई, तू तर सुतारीण झालीस!" तो म्हणाला. डॉक्टरांच्या काट्यावर वजन उतरलं नव्हतं. नर्सबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि आणखी कुणासाठी असा करून द्याल का म्हणून विचारलं. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस.

मग आईचा हात उचलेना.

मूठ पूर्वीसारखीच घट्ट होती. थकला होता तो खांदा. मी पेजेच्या वाटीतून वर यायचो, हनुवटीच्या खाली थांबायचो आणि तिथूनच खाली जायचो. पेज पुन्हा मांडीवर सांडू लागली. ताईला वाटलं, मी जड आहे. तिने माझी मान तासली. तेवढ्याने भागेना, तेव्हा माझी वाटी बाहेरून पातळ केली. मग दोरा सोडून मूठ पोखरली आणि पुन्हा दोरा गुंडाळला. रोज संध्याकाळी माझ्या ढलप्या पोत्यावर पडायच्या, आणि रोज सकाळी आईचा हात तिथेच थांबायचा. नासपतीच्या उरलेल्या अर्ध्या फांदीतून तिने आणखी दोन चमचे केले, एक लांब, एक आखूड. तेही तिथेच थांबले.

"तू चमचेच कोरत बस," भाऊ एकदा ओरडला. "इकडे आई वाळून चाललीय! परवा डॉक्टरांकडे गेलो की नळी घालून घेऊ या. सांग की तिला!"

"ती नाही म्हणतेय."

"ती नाहीच म्हणणार! आपण काय करायचं मग, बघत बसायचं?"

ताईने चाकू उचलला.

मला तेव्हा फार भीती वाटायची. माझी मान आता काडीसारखी झाली होती आणि वाटी उजेडासमोर धरली की तिची कड पिवळसर दिसायची. आणखी थोडं तासलं असतं तर मी मोडलो असतो. तेही मी सोसलं असतं, पण त्याने आईच्या पोटात एक घोटही जास्त गेला नसता. हे मला ठाऊक होतं. मला वाटतं, ताईलाही ठाऊक होतं.

मित्रांनो, आम्हा लाकडी चमच्यांना पाण्यात भिजत टाकू नका आणि अधूनमधून तेलाचं बोट लावा, एवढी काळजी आम्हाला पुरते. पण माझं आणखी एक मागणं आहे. तुमच्या हातची वस्तू चालेनाशी झाली, तर तिला पुन्हा तासायला घेण्याआधी मान वर करा आणि ती ज्याच्यासाठी केली त्याच्याकडे एकदा नीट बघा. ताईने बघितलं, पण फार उशिरा, आणि तेही आईने हाक मारली तेव्हा.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ. पेजेची वाटी खाटेच्या कडेला होती आणि नुकताच एक प्रयत्न वाया गेला होता. ताईने आईची मांडी पुसली, मला पुसलं आणि पोतं पसरून खाली बसली. वण राहिलेल्या अंगठ्याने माझी मान दाबून धरली आणि पातं टेकवलं.

"थांब," आई म्हणाली.

ताई थांबली.

"आणखी किती तासशील त्याला? चांगला झालाय तो. त्याचा काही दोष नाही."

"मग काय करू मी, आई?" ताईचा आवाज फाटला. "तूच सांग ना काय करू. मला आणखी काही येत नाही गं."

आईने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. मग तिने मूठ हळूच पांघरुणावर ठेवली, कापड कापून झाल्यावर कात्री बाजूला ठेवावी तशी. ताईच्या हातातला चाकू अजून तसाच होता.

"तो चाकू ठेव खाली," आई म्हणाली. "पेज गार होतेय. ये, भरव मला."