चुनाभट्टीपाशी मारलेली फुली

मारिओनाला रागवायला कारण लागत नाही, असं तिची आई म्हणायची. त्या शनिवारी मात्र कारण होतं, आणि चांगलं हातभर लांब होतं.

गावाच्या वरच्या अंगाला जुनी चुनाभट्टी आहे. तिथे डांबरी रस्ता एका बाजूला वळतो आणि डोंगराची वाट दुसऱ्या बाजूला चढते. तिथल्या तांबड्या खडकावर कायम दोन आडवे पट्टे असायचे, वर पांढरा, खाली पिवळा. म्हणजे, या, बरोबर आलात. आज तिथे पट्टे नव्हते. खडक तारेच्या ब्रशने खरवडलेला होता आणि त्यावर भलीमोठी फुली होती, एक रेघ पांढरी, एक पिवळी. डोंगरात फिरणाऱ्या शेंबड्या पोरालासुद्धा तिचा अर्थ कळतो. इकडे जाऊ नका. ही वाट नाही.

ही वाट नाही? ही, भोकाच्या खडकाची वाट? जिच्यावरून मेंढ्यांचे कळप हिवाळ्याआधी खाली यायचे, जिच्यावरून अख्खं विलारोजा गाव ईस्टरच्या सोमवारी वर जातं, ती वाट नाही तर मग काय आहे, बोळ?

आणि उद्या सोडून परवाच सोमवार होता. धर्ममायबापांनी दिलेला मोना, म्हणजे चॉकलेटचं अंडं बसवलेला केक, टोपलीत घालून सगळ्यांनी खडकाखालच्या झऱ्यावर जायचं, आणि झऱ्याचं पाणी प्यायल्याशिवाय मोन्याला सुरी लावायची नाही, असा गावाचा नेमच आहे. यंदा पहिल्यांदाच लहान मुलांच्या पुढे चालायचा मान मारिओनाला मिळाला होता. तिने तो मागूनच घेतला होता, हे खरं, पण मिळाला होता. म्हणूनच ती वाट बघून ठेवायला आली होती.

फुलीकडे तिने पाठ केली आणि वर निघाली. रोजमेरीच्या झुडपांतून, सुट्या दगडांवरून, धापा टाकत. जुन्या दगडी वाड्याच्या खाली वळणावर लोखंडी फाटक उभं होतं, नवंकोरं, साखळीकुलपासकट. पाटी होती: खाजगी, कुत्री आहेत. कुत्री होतीच. दोन. इतकी लठ्ठ की भुंकायलाही उठली नाहीत.

फाटकापलीकडे हातात कात्री घेऊन ओलेगेर गुलाब छाटत होता. हा बार्सेलोनाचा माणूस. त्याने वाडा विकत घेऊन वर्षही झालं नव्हतं.

"अरे, ये ये!" तो हसून म्हणाला. "वाट चुकलीस वाटतं?"

मारिओनाच्या कानशिलात आगच झाली. "मी? मी वाट चुकले? अहो, मी चालायला शिकले ती या वाटेवर! फाटक कुणी लावलं इथे?"

"मी. फाटक माझं आहे."

"आणि खालची फुली?"

"छे, छे, ती माझी नाही हं. मला साधं कुंपण रंगवता येत नाही. तुमच्या गिरिभ्रमण मंडळाचे अध्यक्ष आले होते, इसिद्रे. फार सज्जन माणूस. स्वतःच्या हाताने काम करून गेले."

"खोटं!"

"फेब्रुवारीत सगळी समिती माझ्याकडे जेवायला आली होती," ओलेगेर अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. त्या सुराचाच तिला जास्त राग आला. "मी एवढंच म्हटलं, की आपण टेबलाशी बसलेलो आणि खिडकीसमोरून अनोळखी माणसं चाललेली, बरं दिसत नाही. ते म्हणाले, काही काळजी करू नका. झालं. भांडण नाही, तंटा नाही. तुम्ही डांबरी रस्त्याने जा ना. पुढे सहलीची जागा आहे, बाकं आहेत."

"तिथून भोकाचा खडक दिसत नाही."

"फोटोत दिसतो की."

मारिओना उतारावरून धावत सुटली.

खाली पोचल्यावर तिने फुली पुन्हा पाहिली, या वेळी नीट. कडा कशा सरळ होत्या! एकही ओघळ नाही. पुठ्ठ्याचा साचा धरून असे पट्टे मारणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच होता. तो साचा धरायला दर वसंतात तीच तर बसायची, नाकाला रंग लावून. तिचा धर्मपिता. इसिद्रेकाका.

इसिद्रेकाका गावाचा बेकर. ईस्टरच्या शनिवारी त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मोन्यांसाठी रांग दारातून थेट कारंज्यापर्यंत गेली होती. मारिओना तीत कोपर घालून शिरली.

"रांग दिसत नाही का ग पोरी?" रेमेईमावशी कडाडली. ती सगळ्यांचीच मावशी, सगळ्यांवरच कडाडायची.

"मोना घ्यायला नाही आले मी, मावशी. काका! ती फुली तुम्ही मारलीत?"

काऊंटरमागे इसिद्रेकाकाच्या हातात पिवळं लोकरी पिल्लू होतं, केकवर बसवायचं. ते तसंच हवेत राहिलं.

"मग बोलू, मारिओना. गर्दी बघतेस ना."

"गर्दीतच बोला! चुनाभट्टीपाशी फुली. आपल्या वाटेवर. तुमच्या साच्याने!"

"कुठली फुली?" कुणीतरी मागून विचारलं.

"अग, तसं काही नाही," काका पिठाळ हाताने कपाळ पुसत म्हणाला. "माणूस चांगला आहे. प्रेमाने जेवायला बोलावलं. जाळावर भाजलेले काल्सोत, काय सांगू, असे गोड कांदे मी वर्षांत खाल्ले नव्हते. गळ्यात फडकी बांधलेली, हात कोपरापर्यंत काळे, वाईनची सुरई हातोहात फिरतेय. अशा वेळी त्याने एक साधी गोष्ट मागितली. नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने!" मारिओना म्हणाली. "तोंडाने म्हणायचं, नाही!"

"तोंडात कांदा होता ना त्याच्या," रेमेईमावशी म्हणाली, आणि रांग खदखदली.

"हसू नका, मावशी," मागून एक बाई म्हणाली. "समितीत तुमचेही हे आहेत. त्यांनी किती खाल्ले?"

रेमेईमावशीचा चेहरा पडला. "मला म्हणाला, पोटाला बरं नाही, जेवणार नाही, नुसतं भाषण ऐकायला चाललोय," ती पुटपुटली. मग काऊंटरकडे वळून, "आम्हाला कुणी विचारलं होतं का रे, इसिद्रे?"

"वाट गेलेली नाही!" काका घाईघाईने म्हणाला. "त्याने मंडळाला किल्ली दिली आहे. ज्याला जायचं त्याने माझ्याकडून किल्ली मागून न्यावी. मी काय नाही म्हणणार आहे?"

किल्ली! मारिओनाला वाटलं होतं की याहून जास्त रागावणं शक्य नाही. शक्य होतं.

"म्हणजे झऱ्यावर पाणी प्यायला आता परवानगी मागायची? उद्या किल्ली हरवली तर? परवा कुलूप बदललं तर? पुढच्या वर्षी तो म्हणेल, पाहा, फुलीच आहे, कुणी येतच नाही, मग वाट कसली. आणि फुली आपणच मारलेली!" तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मला तुम्हीच शिकवलंत, काका, की फुली मारायची तर जिथे माणूस दरीत पडेल तिथे मारायची. तिथे कोण पडणार होतं? गुलाबात?"

काकाने पिल्लू केकवर बसवलं, तेही उलट्या तोंडाने.

सोमवारी सकाळी सगळं गाव टोपल्या घेऊन चुनाभट्टीपाशी जमलं. इसिद्रेकाकाने नेहमीप्रमाणे मारिओनाच्या हातात मोना दिला. खरं तर तिच्या वयाला मोना देत नाहीत, पण हिला न देऊन चालायचं नाही, असं तो दरवर्षी म्हणायचा. आज म्हणाला नाही. समितीतल्या पुरुषांनी नजर चुकवत डांबरी रस्त्याकडे पावलं वळवली. "बाकं आहेत तिकडे," कुणीतरी म्हणालं.

मारिओना फुलीसमोर उभी राहिली. तिच्या मागे दहा-बारा पोरं, हातात हात धरून.

"आपण इकडून जायचं," तिने पोरांना सांगितलं.

"पण फुली आहे," समोरचे दात पडलेली छोटी तेक्ला म्हणाली.

"चुकून पडलीय."

ती चालू लागली. पोरं चालू लागली. पोरांमागे आया आल्याच, कारण पोरांचे मोने आयांच्या टोपल्यांत होते, आणि आयांच्या पुढे, काठी आपटत, रेमेईमावशी. पुरुष थोडा वेळ डांबरावर उभे राहिले. मग एकेक करून वळले.

फाटकापाशी गर्दी तुंबली. वरच्या खिडकीत ओलेगेर कॉफीचा कप घेऊन उभा होता. तेवढ्यात धापा टाकत इसिद्रेकाका पुढे आला आणि खिशातून किल्ली काढली.

"थांबा, उघडतो."

"नको," मारिओना म्हणाली.

"अग, हट्ट सोड. पोरं आहेत."

"किल्लीने गेलो तर त्याच्या दारातून गेलो. मला वाटेने जायचंय." तिने आपला मोना तेक्लाच्या आईकडे दिला, फाटकावर पाय ठेवला आणि पलीकडे उडी मारली. स्कर्टला गंज लागला असता, पण फाटक नवं होतं. मग तिने हात वर केले. "द्या इकडे, एकेक."

पोरं फाटकावरून हातोहात गेली, मागोमाग टोपल्या. आया दांड्यांमधून वाकून गेल्या. रेमेईमावशीला दोघांनी उचललं, आणि ती वरून ओरडली, "पाय धरा, पाय, बाकी कशाला धरू नका!" कुत्र्यांनी टोपल्यांचा वास घेतला आणि शेपट्या हलवल्या. खिडकीतला कप खाली गेला, मग खिडकी बंद झाली.

शेवटी अलीकडे एकटा इसिद्रेकाका उरला, हातात किल्ली. मारिओनाने त्याच्याकडे बघितलं. त्याने किल्ली खिशात टाकली, पँट वर ओढली आणि साठीच्या गुडघ्यांना शिव्या घालत फाटक चढला.

भोकाच्या खडकातून आभाळ निळंशार दिसत होतं. पोरं झऱ्याचं पाणी प्यायली, मग सुऱ्या निघाल्या. मारिओनाच्या मोन्यावरचं पिल्लू उलट्याच तोंडाचं होतं. तिने ते सरळ केलं, तरी काकाला पहिला तुकडा दिला नाही. दुसराही नाही. तिसरा दिला.

परतताना काका चुनाभट्टीपाशी थांबला. रस्त्याकडेला लावलेल्या गाडीतून रंगाचे डबे आणले, तांबडा, पांढरा, पिवळा. आणि तो साचा. आधी त्याने फुली खडकाच्या रंगाने झाकली. रंग जरा सुकू दिला. मग मारिओनाने साचा धरला आणि त्याने पट्टे मारले, वर पांढरा, खाली पिवळा.

"झालं," तो म्हणाला. "खूश?"

मारिओनाने डोकं तिरकं करून पाहिलं. तांबड्याखालून फुलीचं एक टोक अजून डोकावत होतं.

"दिसतंय."

"पुरतं वाळलं की नाही दिसणार."

"दिसतंय, काका."

इसिद्रेकाकाने सुस्कारा सोडला, तांबड्याचा डबा परत उघडला आणि ब्रश बुडवला.