आळणी घर

चाकूरच्या शिवमूर्तीअप्पांच्या किडन्या अधू झाल्या आणि लातूरच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ एकदम कमी केलं. घरी येताच त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी जाहीर केलं, "यांना न्हाई, तर घरात कुणालाच न्हाई!"

पापड शेजारी गेले. घर आळणी झालं. मुलगा आमटी काढ्यासारखी प्यायचा. सून वर्षाराणी घास तोंडात धरून भिंतीकडं बघत बसायची. आणि मग सगळे मिळून अप्पांच्या ताटाकडं बघायचे. "खा की अप्पा. खावं वाटंना का?"

आपण जिवंत असतानाच घरात सुतक पडलंय, असं अप्पांना वाटायचं. घास घशाखाली उतरेना. पुढच्या खेपेला वजन घटलेलं बघून डॉक्टर चिडले. "मीठ कमी करा म्हटलं होतं, जेवण नव्हे. मन लागत नाही का?"

अप्पांनी मनात एक बेत आखला.

सिंधुबाई स्वयंपाक उरकून अंघोळीला गेल्या की ते चुलीपाशी जायचे, आपली वाटी आधी भरून घ्यायचे आणि उरलेल्या पातेल्यात बेतानं मीठ सोडायचे.

पहिल्याच दिवशी मुलानं आमटी परत मागितली. वर्षाराणी म्हणाली, "आत्या, आज लई भारी जमली!"

सिंधुबाई फुलल्या. "हाताला चव असली की मीठ लागत न्हाई."

अप्पांना हसू दाबताना ठसका लागला. गप्पा रंगल्या, त्यांच्याकडं कुणी बघेना, आणि त्या नादात त्यांची अख्खी भाकरी संपली.

आठवडाभर असंच चाललं. मग एके सकाळी टॉवेल विसरला म्हणून सिंधुबाई मागं फिरल्या. अप्पांचा हात मिठाच्या बरणीत!

"जीव द्यायचाय का तुमाला?" त्या ओरडल्या. मुलगा, सून धावत आले.

"मी कुठं खातोय? तुमालाच चारायलोय!" अप्पा म्हणाले. "आजार माझा हाय. तुमची उतरलेली तोंडं बघूनच माझं जेवण गेलं."

मुलानं मान खाली घातली.

"म्हणजे माझ्या हाताची चव..." सिंधुबाई पुटपुटल्या.

"ती मिठाची व्हती."

वर्षाराणी पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

त्या दिवसापासून दोन पातेली चढू लागली. किडन्या काही सुधारल्या नाहीत, पण अप्पा पोटभर जेवू लागले. सिंधुबाई मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.