मधला परिच्छेद

शाळेत कथालेखनाची कार्यशाळा घ्यायला लेखिका येणार, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा मी आनंदाने मान डोलावली. लेखिका म्हणजे माझी सख्खी धाकटी नणंद, हे कळलं तेव्हा ती मान तशीच अडकली. गेली सव्वीस वर्षं या शाळेत भाषा मी शिकवते. निबंध कशाशी खातात हे या मुलांना मी शिकवलं. आणि आता ही येऊन दोन दिवसांत त्यांना लिहायला शिकवणार!

आली ती थेट टेबलावर बसली. खुर्ची रिकामी असताना! मुलं खूश. मग म्हणाली, "आज निबंध नाही. प्रत्येकाने आपलं एक लबाडीचं गुपित लिहायचं, पण दुसऱ्याच्या गळ्यात घालून. तुम्ही चोरून बिस्किटं खात असाल, तर गोष्टीत ती मांजराने खायची. नाव लिहू नका. पानं या डब्यात टाका, मी मोठ्याने वाचणार आहे." आणि मी बसले होते त्या शेवटच्या बाकाकडे बघून, गोड आवाजात, "वहिनी, तुम्हीपण लिहा ना. का नुसतं तपासताच येतं?"

पंचेचाळीस मुलं खिदळली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब, दाखवतेच.

गुपित माझ्याकडे होतं, चांगलं सव्वीस वर्षं मुरलेलं. मी निबंधाचा पहिला परिच्छेद वाचते आणि शेवटचा. मधला कधीच वाचत नाही. आठवड्याला सव्वाशे वह्या असतात. तुम्ही वाचून बघा म्हणजे कळेल. हे गुपित मी कपड्यांच्या कारखान्यातल्या एका माणसाच्या गळ्यात घातलं. तो तयार सदरे तपासतो. कॉलर बघतो, खालची पट्टी बघतो, मधे बटणं आहेत की नाहीत याची त्याला फिकीर नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. खरं सांगते, लिहिताना फार मजा आली. घरी जाऊन नवऱ्याला काय ऐकवायचं तेसुद्धा ठरवून टाकलं: तुमच्या बहिणीला सगळ्यांत जास्त कोणाची गोष्ट आवडली, ओळखा!

नणंदेने सातवं पान उचललं ते माझं. वाचता वाचता तिलाच हसू आवरेना. मुलंही हसत होती. मी साळसूदपणे छताच्या पंख्याकडे बघत बसले. मग शेवट आला. "सदऱ्याला एकही बटण नव्हतं. त्याने कॉलरवरून हात फिरवला, चिठ्ठी लावली आणि चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं: छान. प्रगती आहे."

पंचेचाळीस माना एकदम मागे वळल्या. सदऱ्याची कसली आली आहे प्रगती! प्रत्येक वहीत लिहिते तेच शब्द डाव्या हातानेही लिहून टाकले होते.

आता या वर्गात माझं कोण ऐकणार? उद्या घरोघरी कळणार, परवा मुख्याध्यापकांना.

पहिल्या बाकावरची आगाऊ मुलगी उभी राहिली. स्टाफरूममध्ये आम्ही तिला 'रेडिओ' म्हणतो. "मॅडम, घाबरू नका. आम्हाला पाचवीपासून माहीत आहे. आम्ही बाहेर कोणाला सांगत नाही. आमचीपण सोय होते ना!"

"कसली सोय?"

रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला.

सुट्टी झाल्याबरोबर मी स्टाफरूममधलं कपाट उघडलं आणि उभ्याउभ्याच मधले परिच्छेद वाचायला घेतले. 'वेळेचे महत्त्व'च्या पोटात एकाने काकाच्या लग्नातली मारामारी लिहिली होती. 'माझा आवडता छंद'मध्ये माझ्या चालण्याची टिंगल होती आणि ती, दुर्दैवाने, हुबेहूब होती. रेडिओने तर चक्क सतराचा पाढा लिहिला होता. खाली सगळीकडे माझी लाल सही. राग यायला हवा होता, पण मी एकटीच हसत सुटले.

मग खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीची वही हाती आली. वर्षभरात हजेरीपलीकडे हिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या 'झाडे लावा'च्या मधोमध एका लिफ्टमनची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये बंद पडली होती. 'पाण्याची बचत'मध्ये तो डब्यातलं अर्धं जेवण उद्यासाठी राखून ठेवत होता. पुढच्या निबंधात तो येणारी-जाणारी माणसं पावलांवरून ओळखायला शिकला. नऊ निबंध, नऊ तुकडे. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळे वाचले. कालच तपासलेल्या तुकड्यात लिहिलं होतं: "तो रोज हाका मारतो. बाहेरून एक बाई जातात, त्या थांबत नाहीत. मॅडम, तुम्ही हे वाचलंत की मी दार उघडीन." निबंधाखाली माझं अक्षर. छान. प्रगती आहे.

मला स्वतःची लाज वाटली. सरळ रडूच आलं. नणंद पाणी प्यायला आत आली, माझा चेहरा बघून शेजारी बसली आणि तिनेही नऊ तुकडे वाचले. "वहिनी," ती म्हणाली, "ही आपल्या दोघींना घरी बसवणार."

मी लाल पेन घेतलं, ते शब्द खोडले आणि लिहिलं: "वाचलं. सगळं वाचलं. फार उशीर केला, चुकलंच माझं. दार उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही तिच्या बाकावर ठेवली; शाळा सुटताना वही परत आली. निबंधाला विषय नव्हता, पहिला परिच्छेद नव्हता, शेवटचाही नव्हता; सगळा मधलाच. लिफ्टचं दार उघडलं होतं. बाहेर एक बाई उभ्या होत्या, धापा टाकत, हातात लाल पेन घेऊन. लिफ्टमनने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, मधलंसुद्धा, आणि म्हणाला, "छान. प्रगती आहे."