क्लिओटिसच्या नऊ गाठी

शनिवारी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ओडेसाच्या पार्लरमध्ये केस बाजूलाच राहिले. चर्चमधल्या मदर अर्लीनने आरशापुढे काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. बरण्यांतल्या पाण्यावर वाटाण्याएवढे हिरवट गोळे तरंगत होते.

"बघा गं लेकींनो, गर्भाशयातल्या गाठी! चाकू नाही, टाका नाही. माझं पेय घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात गाठी मोजायच्या!"

"आमेन!" बायकांचे हात वर गेले. गर्भाशयातली गाठ आतड्याच्या वाटेला कशी लागली, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. चमत्काराला नकाशा लागत नाही.

ओडेसाचं लक्ष भाचीच्या, लव्होंडाच्या, हातातल्या त्या पेयाच्या पेल्याकडे होतं. तिला गरोदरपणाचा नववा आठवडा लागला होता. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलेलं, आणि या खेपेला सोनोग्राफीत लिंबाएवढी गाठ दिसलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गाठ बाहेरच्या अंगाला आहे, बाळापासून लांब. अशा गाठीसोबत बहुतेक बाळं नीट वाढतात. रक्त गेलं किंवा जोरात दुखलं तर लगेच या. पण 'वाट बघा' हे औषध लव्होंडाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"पी, पोरी. नाहीतर गाठ बाळाचा गळा आवळेल," मदर म्हणाली.

"जरा थांब गं," ओडेसाने स्वतःची एक बरणी पुढे केली. "मदर, गेल्या आठवड्यात तुमची बाटली नेली होती. हे पडलं."

मदरने डोळे मिटून बरणीवर हात फिरवला. "नऊ! ही मोठी तुझ्या आजीच्या दुःखाची. ही डावीकडची. हा हिरवा रंग मत्सराचा. आता गर्भाशय कसं धुतल्यासारखं झालंय!"

"क्लिओटिस, आत ये!"

दारातून ओडेसाचा सहा फुटी नवरा ओशाळून आत आला.

"ते गर्भाशय याचं, मदर."

"अगं बाई, क्लिओटिस! बाळंतपण कधी?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं आणि पार्लर हसून लोटपोट झालं.

"सैतान काहीही करू शकतो!" मदर किंचाळली.

"सैतानाला मध्ये आणू नका." ओडेसाने एक गोळा बरणीतून काढून त्यावर केस सरळ करायचा तापलेला कंगवा टेकवला. मांस करपलं असतं; हा गोळा लोण्यासारखा वितळला आणि ऑलिव्ह तेलाचा वास सुटला. "पेलाभर तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं मीठ. पोटात तेलाचे साबणासारखे गोळे होतात, मीठ ते बाहेर ढकलतं. लव्होंडाच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारलं मी."

"पण मावशी, माझी गाठ तर खरी आहे ना?"

"खरी आहे, म्हणून तर डॉक्टरांना दाखवायची. जुलाबाने गाठीचं काही बिघडत नाही. हाल तुझे होतील, आणि बाळाचे."

लव्होंडाने पेला केस धुवायच्या बेसिनमध्ये ओतला. "बुधवारी तपासणीला येशील माझ्यासोबत?"

"दुकान बंद ठेवून येईन."

लव्होंडाची भीती खरी होती, आणि मदरचा धंदा नेमका त्या भीतीवरच चालत होता. तेव्हा उद्या कोणी तुमच्यापुढे अशी बरणी नाचवली, तर आमेन म्हणण्याआधी एवढंच विचारा: ज्याला हा आजार होऊच शकत नाही, त्याला हे औषध पाजलं तर काय पडेल?