शेवटचा फ्लॅप एकशे साठला

नऊ हजार फुटांवर विमानाचे दोन्ही पंख माझ्या खांद्यांना येऊन जुळले. दुखलं नाही. सदऱ्याच्या बाह्या उसवल्या, तेवढंच. मी आठव्या रांगेत खिडकीशी बसलो होतो. डावा हात काच न फुटता बाहेर गेला. उजवा हात शेजारच्या हौसाबाईंच्या समोरून, वाटेवरून, पलीकडच्या खिडकीतून बाहेर गेला. बाईंनी मांडीवरचा लाडवांचा डबा उचलून माझ्या दंडावर ठेवला.

"चालेल ना हो?"

"चालेल."

"डिंकाचे आहेत. लेकीचे दिवस भरलेत. आज उद्या होईल."

मला पंखांचं नवल वाटलं नाही. पंखाच्या मागच्या कडेला एक फळी असते, तिला फ्लॅप म्हणतात. उतरताना ती टप्प्याटप्प्यानं खाली सोडतात, म्हणजे विमान हळू झालं तरी हवेत टिकून राहतं. या फळ्या ज्या रुळांवर सरकतात त्यांना मी सव्वीस वर्षं ग्रीस लावलं. पंख कोणाकडे तरी यायचेच होते, तर माझ्याकडे आले ते ठीकच झालं. मी बोटं हलवून पाहिली. मनगटं मात्र वळवली नाहीत. मनगट वळलं असतं तर फ्लॅप सुटला असता, आणि वेग अजून फार होता.

कॅप्टन शाल्मली नाडगौडा कॉकपिटचं दार उघडून बाहेर आल्या. माझ्या हातापाशी येऊन थांबल्या.

"मामा, पंख तुमच्याकडे आलेत का?"

"आलेत मॅडम. दोन्ही."

"बरं झालं. को-पायलट तांबोळी सामानाच्या कप्प्यात शोधतोय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आपल्याला वरच थांबवून ठेवलं होतं. आता हिंगणीची धावपट्टी वीस मैलांवर आलीय आणि आपण नऊ हजार फुटांवर. सहा हजारांवर असायला हवं होतं. वेग दोनशे साठ नॉट."

"जास्त आहे."

"जास्तच आहे. आणि हे विमान एका वेळी एकच ऐकतं. नाक खाली केलं की पळतं. नाक वर धरलं की उतरत नाही."

"माहीत आहे. तुम्ही आधी उतरा. वेगाचं मी बघतो."

त्या मान हलवून आत गेल्या. दार उघडंच ठेवलं.

पहिला फ्लॅप दोनशे तीस नॉटला, दुसरा दोनशेला, शेवटचा एकशे साठला. त्याच्या वर नाही. कॉकपिटमध्ये एका पिवळ्या पाटीवर हे लिहिलेलं असतं. मी वाचायला शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर, आणि पहिल्यांदा न अडखळता वाचली ती हीच पाटी. पुढे बरंच वाचलं. इतकं स्पष्ट लिहिलेलं फार थोडं सापडलं.

विमानानं नाक खाली घातलं. पंखांवरच्या आडव्या फळ्या वर उठल्या, म्हणजे माझ्या हातांवरचे केस ताठ उभे राहिले. हवा त्यांच्यात अडकू लागली. त्याच वेळी मागची विसावी रांग नाहीशी झाली. एकोणीस मैल उरले होते. विसाव्या रांगेतली माणसं उठली आणि "जरा सरकता का" म्हणत एकोणिसाव्या रांगेत बसली. पुढच्या मैलाला एकोणिसावी गेली. कोणी तक्रार केली नाही. थोड्या वेळानं एका गृहस्थांनी फक्त विचारलं, "तिकिटावर सतरावी रांग लिहिलीय, ती कुठं गेली?" हवाई सुंदरी म्हणाली, "ती होऊन गेली सर."

तेरा मैल उरले तेव्हा आम्ही साडेचार हजार फुटांवर होतो. उंची जवळपास जमली होती. मॅडमनी नाक आडवं धरलं. आता वेग उतरायचा होता. तो सावकाश उतरत होता आणि रांगा भरभर जात होत्या. एका खुर्चीवर दोघं दोघं बसले होते.

"दोनशे चौतीस!" को-पायलट तांबोळी मागे वळून ओरडले. "मामा, सोडा पहिला!"

"दोनशे तीस होऊ द्या, साहेब."

"अहो, चार नॉटनं काय होतंय?"

हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकलं. मर्यादा ओलांडली तर उतरल्यावर वहीत लिहायचं असतं. लिहिलं की विमान दोन दिवस उभं राहतं आणि पंख उघडून तपासतात. म्हणून चार नॉट कोणी लिहीत नसे. पण मी ग्रीसचा डबा घेऊन पंखाखाली गेलो की रुळातले रोलर एका अंगाला चपटलेले दिसायचे. मी सांगायचो. "मामा, तुम्ही ग्रीस लावा," असं उत्तर मिळायचं.

"फ्लॅप तुटला तर दोन्हीकडचा तुटत नाही, साहेब," मी म्हणालो. "एकाच बाजूचा तुटतो. मग विमान कुशीवर वळतं आणि सगळेच जातात."

"आणि नाही सोडला तर धावपट्टी संपून ज्वारीत जाऊ!"

"भांडू नका," मॅडम म्हणाल्या. "दहा मैल."

हौसाबाई माझ्या दंडावरून वाकल्या. "काय हो मामा, हात खाली करायला एवढा भाव खाता? आमचे हे लग्नात जेवणाच्या पानावर असेच रुसून बसले होते."

"मग काय केलंत?"

"बसू दिलं. भूक लागल्यावर जेवले."

मी म्हणालो, "मॅडम, चाकं आधी काढा. चाकांना दोनशे पन्नासपर्यंत चालतं. त्यांनी वेग पडेल."

"चाकं माझ्याकडे नाहीत, मामा. तुमच्याकडे असतील असं धरून चालले होते."

तांबोळींनी बूट काढून पाहिले. हवाई सुंदरीनं प्रत्येक रांगेत विचारलं. नवव्या रांगेतली माणसं आमच्या रांगेत येऊन बसली. तेव्हा हौसाबाई हळूच म्हणाल्या, "मघापासून पाय जड झालेत. मला वाटलं बसून बसून मुंग्या आल्या."

"बाई, तेव्हाच बोलायचं ना!"

"विमानात कोणी पायाचं गाऱ्हाणं सांगतं का?"

"सोडा पाय."

"लुगडं सावरू की नको?"

"सावरा आणि सोडा."

त्यांनी पाय खाली सोडले. ते खालच्या पत्र्यातून आरपार गेले आणि सबंध विमान घरघरलं. वेग पडला. दोनशे अठ्ठावीस. मी मनगटं एक बोटभर वळवली. पहिला फ्लॅप अगदी सरळ सुटला. सहा मैलांवर दोनशेच्या खाली आलो, दुसरा सोडला. विमान वाऱ्यावर रेलल्यासारखं झालं.

"सुरेख, मामा," मॅडम म्हणाल्या.

पण आता पुन्हा खाली उतरायचं होतं, आणि उतरताना वेग पडत नव्हता. एकशे पंच्याऐंशी. एकशे शहात्तर. आठवी रांग केव्हाच गेली होती, मी पंखांसकट पुढे सरकत होतो. तिसऱ्या रांगेत चाळीस माणसं होती. दुसरीत उभं राहायलाही जागा नव्हती.

"एकशे अडुसष्ट," तांबोळी म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. "मॅडम, परत वर जायचं का?"

मॅडमनी मागे पाहिलं. "वर जायला मागे काही उरलं नाही."

पहिली रांग गेली. मी आणि हौसाबाई कॉकपिटच्या दारात आलो. बाकीच्यांना आत जागा नव्हती, म्हणून ते माझ्या हातांवरून बाहेर गेले. खांद्यापासून टोकापर्यंत ओळीनं बसले, पाय खाली सोडून, एकमेकांच्या कमरेला धरून.

"दोन्हीकडे सारखे बसा," मॅडम म्हणाल्या. वीस डावीकडे, वीस उजवीकडे.

समोर हिंगणीची आखूड धावपट्टी आली. तिच्या टोकाला ज्वारी दाट उभी होती. हौसाबाईंच्या टाचा पांढऱ्या पट्ट्यांपासून दोन पुरुष उंच होत्या.

"एकशे एकसष्ट," तांबोळी म्हणाले.

"मामा," मॅडम म्हणाल्या.

"एक नॉट राहिलाय, मॅडम."

"जमीन गरम लागतेय हो," हौसाबाई म्हणाल्या.

डाव्या पंखाच्या टोकाला बसलेल्या माणसानं कमरेची पकड सोडली आणि दोन्ही तळहात समोर धरले. त्याच्या शेजारणीनं पाहिलं आणि तसंच केलं. मग तिच्या शेजारच्यानं. माझ्या दोन्ही हातांवर ऐंशी तळहात वाऱ्याला आडवे उभे राहिले आणि वेगाचा काटा थरथरायला लागला.